शिरका तेवढा सांगितला नाहीस

रोझीबाय, आजपासून मी तुला तू म्हणणार आहे.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तू गेलीस त्या सकाळपर्यंत मी तुला ‘तुमी’ म्हणत आले. तू माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून पास्कूला तूच वाढवलंस, त्याच्यासाठी लग्न केलं नाहीस, आणि ही गोष्ट एक दिवस कुणाला विसरू दिली नाहीस. तुला तू म्हणायची माझी छाती झाली नसती. पण आता तू चर्चच्या मागे चिंचेखाली पडली आहेस आणि तिथून उठून माझ्या अंगावर फडकं भिरकावू शकत नाहीस. म्हणून तू. ही माझी पहिली फेड.

गेला महिनाभर घरात माणसं येतात आणि तुझं कौतुक करून जातात. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी या ओटीवर बसून रोज ऐकते आहे. रोझीसारखी सुगरण अख्ख्या अंधेरीत झाली नाही. रोझीनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. रोझीच्या ओठात एक आणि पोटात एक असं कधी नव्हतं. मी मान हलवते आणि चहाचे कप भरते. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाते, तिथे तुझी पेटी दिसते, आणि बायका पुन्हा डोळ्याला पदर लावतात.

पेटी. गावठणात सगळे तुझ्या ओव्हनला पेटीच म्हणतात. कुर्ल्याला रेल्वेच्या बंगल्यात तू एका सायबिणीकडे स्वयंपाक करायचीस. साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा तिनं इतर नोकरांना जुने कपडे दिले आणि तुला हा ओव्हन दिला. जाड काळा पत्रा, दोन कप्पे, दाराला पितळी मूठ, खाली रॉकेलचा स्टोव्ह ठेवायला जागा. तू तो बैलगाडीत घालून आणलास आणि स्वतः शेजारी चालत आलीस, कारण तुझा गाडीवानावर विश्वास नव्हता. तेव्हापासून गावातलं एकही लग्न, एकही बाप्तिस्मा तुझ्या केकशिवाय झाला नाही. लोक तुला आधी विचारायचे आणि मग फादरकडून तारीख ठरवायचे.

आणि अशा घरात पास्कूनं मला आणलं. मढची. कोळ्यांच्या शेजारची, मासळी वाळवणाऱ्या घरातली. तुमची भाताची शेती, पडवी, कौलारू घर. आमच्या अंगणात बांबूंवर टांगलेले बोंबील. पहिल्याच आठवड्यात तू माझा हात हातात घेतलास, उलटा केलास आणि हुंगलास. खरंच हुंगलास, रोझीबाय. मग म्हणालीस, “साबणानं नाय जायचा यो वास. क्येकला हात लावायच्या आधी लिंबू चोळ.” मी लिंबू चोळलं. पुढे कितीतरी दिवस चोळत राहिले. कातडी सोलवटली तेव्हा पास्कूनं विचारलं आणि मी कपडे धुण्याचं निमित्त सांगितलं.

आता जे लिहिणार आहे ते तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण तुझ्यासमोर ते एकदाही पूर्ण बोलता आलं नाही.

आपल्या गावाची रीत तुला मी काय सांगायची. नवी सून आली की तिच्या पहिल्या नाताळाला केक तिनंच करायचा. त्या केकचे तुकडे आणि बाकीचा गोडाधोडाचा फराळ ताटांत भरायचा, वर विणलेलं फडकं घालायचं आणि नणंदेनं ती ताटं घरोघर पोचवायची. सुनेनं ताटं फिरून येईपर्यंत केक चाखायचा नाही. सगळं गाव चाखतं, ती शेवटी. त्या एका तुकड्यावर तिचं नाव ठरतं आणि पडलेलं नाव आपल्या गावात कबरीपर्यंत सोबत येतं. आंधळा नसलेला मिंगेल अजून आंधळा मिंगेल आहे, लहानपणी एकदा विहिरीच्या काठावर आपटला म्हणून.

नाताळाच्या आधी तू मला पेटी साफ करायला सांगितलीस. आगेऱ्याच्या, नव्या भाताच्या सणाला तू तिच्यात बदकं भाजली होतीस, चरबी उडून आतला पत्रा डांबरासारखा झाला होता. तू पाटावर बसलीस आणि मला एकेक सांगत गेलीस. आधी कप्पे काढ. जळकी भुकटी कुंच्यानं झाड. वाण्याकडचा खायचा सोडा घे, धुण्याचा नाही, त्यानं हात जातील. थोडं थोडं पाणी घालून चुन्यासारखा कालव. आतून सगळीकडे थाप, केकच्या साच्यांनाही लाव, रात्रभर राहू दे. सकाळी तो तपकिरी होतो, चरबी त्याच्यात उतरते. मग करवंटीच्या तुकड्यानं खरवड, सुरी लावू नको, पत्र्याला ओरखडे पडतात.

किती छान शिकवत होतीस. मला वाटलं, हिनं मला घरात घेतलं. सोड्यात बुडालेले माझे हात बघून तू पहिल्यांदा हसलीस आणि तेव्हा मढच्या माझ्या आईची आठवणही मला नकोशी झाली, इतकी मी तुझी झाले होते.

मग मी विचारलं, आता पाण्यानं धुवू? आणि तू म्हणालीस, “पानी लावू नको. लोखंड हाय, गंजंल. कोरड्या फडक्यानं पूस, झालं.”

मी पुसलं. कोरड्या फडक्यानं, मन लावून, साचेसुद्धा. पेटी वरून स्वच्छ दिसत होती. तिच्या अंगावर आणि साच्यांच्या तळाशी सोड्याचा पांढुरका थर राहिला होता, पण मला वाटलं स्वच्छ पत्रा असाच दिसत असेल. मी स्वच्छ ओव्हन त्याआधी पाहिला कुठे होता. आमच्या मढला चूल होती.

केक झाले. वास सुरेख सुटला, कारण वास रव्याचा, खोबऱ्याचा आणि वेलचीचा होता. तू पहिल्या केकची कड कापलीस, तोंडात टाकलीस आणि चावायची थांबलीस. मी समोर उभी होते, रोझीबाय. तुझा जबडा थांबलेला मी पाहिला. तू खिडकीकडे तोंड फिरवलंस, घास गिळलास, पदरानं ओठ पुसले आणि म्हणालीस, चांगला झालाय. मग तुझ्या हातानं विणलेली फडकी काढलीस, एकेका ताटावर नीट पसरलीस, कोपरे सारखे केलेस आणि ताटं घेऊन निघालीस.

आपल्याकडे ताट रिकामं परत येत नाही. कुणी केळी घालून दिली, कुणी करंज्या. पण प्रत्येक ताटाबरोबर एक हसूही परत आलं. ताट घेऊन येणारी पोरं माझ्याकडे बघून तोंड दाबत होती. सगळी ताटं आल्यावर रीतीप्रमाणे मी माझा तुकडा तोंडात घातला. साबणाची वडी चावल्यासारखं झालं. तळाशी केक पिवळट तपकिरी पडला होता आणि जीभ आक्रसत होती. पास्कूनं त्याचा तुकडा अख्खा खाल्ला, पाणी प्यायला आणि अंगणात गेला. त्याच्यावर तेव्हा मी जितकं प्रेम केलं तितकं पुन्हा कधी केलं नसेल.

नव्या वर्षाच्या मिसेला, प्रार्थनेला, मी चर्चच्या पायऱ्या चढत होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, ही बघ, सोडाबाय आली. झालं. त्या दिवसापासून मी अग्नेस राहिले नाही. विहिरीवर सोडाबाय, बाजारात सोडाबाय, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सोडाबायची पोर. गावात कुणी माझ्या हातचा केक मागितला नाही. मी भात करायचे, मासे करायचे, आंबट वडे तळायचे, ते सगळे मिटक्या मारत खायचे. केक मात्र तुझा. लग्न ठरलं की माणसं अंगणात यायची आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायची, रोझीबाय हाय का घरात?

बरीच वर्षं मी समजत होते की चूक झाली. तुझीही होऊ शकते. तुला वाटत असेल खरंच, लोखंडाला पाणी नको. मी तुझ्या बाजूनं स्वतःशी भांडले.

मग एका उपवासाच्या काळात, ईस्टरच्या आधी, तू मला आईकडे चार दिवस राहून ये म्हणालीस. तू असं कधी म्हणत नसायचीस. मी गेले, पण वेसाव्याची होडी धरून दुसऱ्याच दिवशी परत आले, कारण पोरीला ताप आला होता आणि मढला डॉक्टर नव्हता. मागच्या दारानं आत येत होते. तू पेटीपुढे बसली होतीस. सोडा खरवडून झाला होता. शेजारी ताडीच्या शिरक्याची बाटली होती, लोणच्याला वापरतो तोच आपला आंबट शिरका. तू तो हातानं शिंपडलास आणि पेटीच्या आत सगळीकडे फेस आला. पत्र्यावर जिथे जिथे सोडा राहिला होता तिथे तो फसफसून वर येत होता. तू गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसत होतीस, पिळत होतीस, पुन्हा पुसत होतीस, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग तू स्टोव्ह पेटवलास आणि रिकामी पेटी तापत ठेवलीस, म्हणजे पाणी उडून जाईल आणि गंज धरणार नाही. शेवटी बोटभर खोबरेल.

गंजायची भीती होती तर तिच्यावर उपाय होता. तो तुला ठाऊक होता. दरवर्षी करत होतीस, मला बाजारात नाहीतर आणखी कुठल्या कामाला पाठवून.

तू वळलीस आणि मला पाहिलंस. पोर माझ्या खांद्यावर होती. खोबरेल अजून तुझ्या बोटांवर होतं.  तू म्हणालीस, “आलीस? च्या ठेव.”

आणि मी चहा ठेवला. याचा राग मला तुझ्यावरच्या रागापेक्षा जास्त छळतो.

त्याच दिवशी तू पोरीला उचललंस आणि भर उन्हात डॉक्टरकडे चालत गेलीस. हे पण लिहायला हवं, नाहीतर तू वरून म्हणशील, अर्धंच सांगते मेली. याच पोरीच्या, तेरेझाच्या वेळी मी तीन दिवस अडले होते तेव्हा सुईण हात टेकून बसली आणि तू तिला घराबाहेर काढलंस. कुठून तरी मोटार मिळवलीस. माझं डोकं मांडीवर घेऊन मोटारीत बसलीस आणि नर्सनं कोण म्हणून विचारलं तर नणंद म्हणाली नाहीस. “माजी पोर हाय,” म्हणालीस. मला ऐकू येत होतं. मी शुद्धीत नव्हते असं तुला वाटलं. बाळंतपणात तू मला पेज भरवलीस, माझे केस विंचरलेस, माझी लुगडी धुतलीस. मला जिवंत ठेवलंस आणि माझं नाव मारलंस. एकाच बाईनं एकाच हातांनी ही दोन्ही कामं केली. बाकी तू मला जे शिकवलंस ते सगळं खरं निघालं. ट्रेवर चिमूटभर मैदा टाकून त्याच्या रंगावरून पेटीचा ताव ओळखायचा, वर्षभराच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या कोणत्या उन्हात वाळवायच्या, बदकाच्या पोटात काय भरायचं. एक शिरका तेवढा सांगितला नाहीस.

तू शेवटी अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी ठरवलं, आता विचारायचं. पायाला सूज, दम लागलेला, पण डोकं शाबूत होतं. मी तुझे केस विंचरत होते. मी विचारलं, रोझीबाय, तुमी मला शिरका का नाय सांगला? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द आपल्या दोघींमध्ये बोलला गेला. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, “पेटी साफ हाय का?” मी म्हटलं, नाय. तू म्हणालीस, “करून घे. माज्या मिसेला लोकं येतील.”

यालाच तू उत्तर समजलीस का? मला माफी नको होती. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं की हो, मी जाणूनबुजून केलं, कारण तुझा हात मला बोंबलाचा वाटला, कारण पास्कू तुझ्याकडे बघायला लागला, कारण पेटी माझी होती. यातलं कोणतंही कारण चाललं असतं. तू काही न बोलता गेलीस. मातीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या, आणि मी तुझ्या पेटीचा विचार करत कोरड्या डोळ्यांनी उभी होते. ती दुसरी फेड होती.

तिसरी फेड मी तुझ्या महिन्याच्या मिसेसाठी राखून ठेवली होती.

मिसेच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका आपल्या अंगणात कामाला जमल्या, नेहमीसारख्या. कांदे सोलायला, खोबरं खवायला, गप्पा मारायला. मी त्याआधीच पेटीला आतून सोडा थापून ठेवला होता. बायका बसल्यावर मी पास्कूला हाक मारली आणि आम्ही दोघांनी पेटी उचलून अंगणात आणली, सगळ्यांच्या मधोमध. करवंटीनं खरवडायला बसले. थोडा वेळ कुणाचं लक्ष नव्हतं. मग मी शिरक्याची बाटली काढली आणि शिंपडला. फेस उसळला तशा सगळ्या माना वळल्या. मी मुद्दाम हळू पुसलं, गरम पाण्यात फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. या क्षणाची तालीम मी वर्षानुवर्षं केली होती, रोझीबाय. ताडीवाल्याकडून शिरका आणताना केली होती, कपडे धुताना केली होती, तुझ्या उशाशी बसून केली होती.

शेवटी पलीकडच्या घरातल्या आनामावशीनं विचारलं, शिरका कशाला गं? आनामावशी तुझ्याच वयाची, तुझ्याबरोबर शाळेत गेलेली. मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “शिरका नाय लावला तर सोडा निघत नाय. केक साबणासारखा लागतो. रोझीबायला ठाऊक होतं. तिनं मला सांगलं नाय.”

 कांद्यावरच्या सुऱ्या थांबल्या. मला वाटलं, आता. आता तुझं मणभर दूध नासलं.

आनामावशी म्हणाली, “आमाला ठाऊक हाय, बाय.”

मला कळेना ती काय म्हणते आहे. ती सांगू लागली. माझी तेरेझा झाली त्या वर्षी, मी दवाखान्यात होते तेव्हा, तू घरोघर गेली होतीस. ज्या ज्या दारात ती ताटं नेली होतीस त्या प्रत्येक दारात. आत बस म्हटलं तरी बसली नाहीस, उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस आणि सांगितलंस की त्या केकात अग्नेसची चूक नव्हती, शिरका मी सांगितला नाही, चाखून कळल्यावरही ताटं मीच घेऊन आले. आनामावशीनं तुला विचारलं होतं, तिला सांगलंस का? तू म्हणालीस, “तिला मी सांगन.” आनामावशी कांदा हातात धरून माझ्याकडे बघत होती. “आमाला वाटलं, सांगलं आसंल. एका घरात रावता तुमी.”

मग मला सोडाबाय का म्हणत राहिलात, मी विचारलं. आनामावशीला खरंच नवल वाटलं. नाव पडलं ते पडलं, ती म्हणाली, त्यात आता सोडा कुठे राहिलाय.

बायकांनी पुन्हा सुऱ्या चालवायला सुरुवात केली. मी पेटी पुसत राहिले. फडकं कधीच पांढरं निघायला लागलं होतं, तरी पुसत राहिले.

रोझीबाय, तू दारोदार गेलीस. आंधळ्या मिंगेलच्या दारात गेलीस, ज्याच्याशी तू बांधाच्या भांडणावरून बोलत नव्हतीस. ताडीवाल्याच्या दारात गेलीस. तुझ्यासारख्या ताठ बाईला प्रत्येक उंबऱ्यावर काय पडलं असेल ते मला कळतं, मीही तुझ्याच हाताखाली ताठ झाले. पण माझं दार? माझी खोली तुझ्या अंथरुणापासून हाकेवर होती. मधे साधा पडदा होता. तिथे येताना तुझे पाय जड झाले? सगळ्या गावाला माझी बाजू सांगितलीस आणि मला एकटीला त्या बदनामीत ठेवून गेलीस. मी ज्यांच्यासमोर खाली मान घालून चालत होते त्यांच्यातल्या एकालाही मी दोषी वाटत नव्हते, आणि हे मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं काम तू घेतलं होतंस. केकपेक्षा हे वाईट केलंस. केक एका दिवसाचा होता.

आणि मी तिसरी फेड केली ती कुणावर? ज्यांना सांगितलं त्यांना आधीच ठाऊक होतं. मेल्यावरही तू माझ्या आधी तिथे जाऊन बसली होतीस. सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्यावरूनच निघालं असेल. त्या दिवशी मी रडले. बायकांना वाटलं नणंदेसाठी रडते. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रागानं रडत होते, आणि खरं सांगायचं तर तुझ्यासाठीही, पण आधी रागानं.

मिसेला मी रव्याचा केक केला. लोकांनी खाल्ला, पुन्हा मागितला. कुणीतरी म्हणालं, अगदी रोझीचा हात. मी ऐकून घेतलं.

खरी गोष्ट त्यानंतर घडली, आणि तीच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

आनामावशीच्या घरी यंदा नवी सून आली आहे, लिली. मुलुंडची, लाजाळू पोर. तिचा हा पहिला नाताळ. दुखवट्यामुळे यंदा आपल्या घरातून ताटं जाणार नाहीत, पण त्यांच्या घरातून तिची ताटं निघणार, पहिलीवहिली. त्यांच्याकडेही आता पत्र्याचा छोटा ओव्हन आहे, मासळी भाजून भाजून आतून काळा झालेला. काल ती आली, ओट्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, अग्नेसमावशी, ओव्हन कसा साफ करायचा ते दाखवता? आई म्हणाल्या, तुमीच दाखवा.

मी तिला पाटावर बसवलं. कप्पे काढ म्हटलं. भुकटी झाड. खायचा सोडा घे, चुन्यासारखा कालव. ती बोटांवर मोजत होती. करवंटीनं खरवड, सुरी लावू नको. आणि मग तिनं मान वर करून विचारलं, आता पाण्यानं धुवू?

तेव्हा मला तू कळलीस, रोझीबाय. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते, माझ्या तोंडून निघेल ते ती करणार होती. तिचं नाव माझ्या जिभेवर होतं. कोरड्या फडक्यानं पूस, झालं. एवढं सोपं होतं ते, आणि एवढं गोड. आनामावशीच्या घराला, हसणाऱ्या त्या सगळ्या ताटांना, एका वाक्यात परतफेड झाली असती. ते वाक्य जिभेवर कसं लागतं ते मी चाखलं. म्हणून सांगते, तुला माफ केलेलं नाही. कळलीस म्हणून माफ करावं असं कुठे लिहिलेलं नाही.

मी आत गेले आणि शिरक्याची बाटली आणून तिच्या हातात दिली. म्हटलं, आता हा शिंपड. फेस येईल, घाबरू नको. मग गरम पाण्याचं फडकं, पांढरं निघेपर्यंत. मग रिकामा ओव्हन तापव. मग बोटभर खोबरेल.

तिनं विचारलं, तुमाला कोणी शिकवलं?

मी म्हटलं, “रोझीबायनं. सगळं तिनंच शिकवलं. शिरका तेवढा सांगला नाय. तू पुढं कुणाला शिकवशील तवा हे दोन्ही सांगायचं. एक सांगून दुसरं ठेवायचं नाय.”

लिलीनं बाटली पोटाशी धरली आणि मान हलवली. मला खात्री आहे, ती सांगेल. ती मुलुंडला माहेरी जाईल, तिथे बहिणीला सांगेल. तिची बहीण कुठे घाटकोपरला पडेल, ती तिथे सांगेल. जिथे जिथे कुणी सोडा कालवेल तिथे तुझं नाव निघेल, तू शिकवलंस म्हणून, आणि लगेच तू लपवलंस म्हणूनही. ही माझी शेवटची फेड, आणि ती संपणारी नाही. माझ्या दारात यायला तुझ्याकडून झालं नाही, रोझीबाय. आता मी तुला दारोदार पाठवते आहे.